‘नं’च्या पुढं

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत एक खोली आहे,
कापूस ठासल्यासारखी मुकी.
तिथं मी लोकांच्या कानात वाक्यं सोडतो
आणि त्यांचं डोकं क्रियापदाची वाट कशी बघतं
ते पडद्यावर बघत बसतो.

सोडतो, बसतो. बाईच आहे मी.
हुपरीकडं आम्ही अशाच बोलतो:
आलो, गेलो, जेवलो.
पुण्याहून आलेल्या सरांना पहिला महिनाभर
माझ्या प्रत्येक वाक्याच्या टोकाला ठेच लागायची.
आता लागत नाही. कान वाट पाडून घेतो.

आज गडमुडशिंगीच्या गोदाक्का आल्यात,
तारा नीट बसाव्यात म्हणून अंबाडा सोडून.
‘म्हशीनं’ ऐकलं
की त्यांचं डोकं मागं वळतं:
नं लागला, म्हणजे काहीतरी होऊन गेलंय.
किंवा व्हायला हवं होतं.
‘म्हशीनं वैरण’
आणि ‘खाल्ली’ उंबऱ्यात येऊन उभी,
कुणी बोलावायच्या आत, चप्पल काढून.

मग मी सोडतो: ‘नेसली’.
पडद्यावरची रेघ खोल जाते.
अर्धा सेकंदही होत नाही.
गोदाक्का हसतात ते फार नंतर.
‘नेसली तर नेसू दे की,
बिचारी जन्मभर उघडीच असत्या.’

दुपारी भूपालचा फोन.
मी दाभोळकर कॉर्नरला, मागं केएमटी.
‘तात्यानं तुझं पैंजण’
आणि पुढं नुसता हॉर्न.

तात्या. साठ वर्षं चांदीची तार ओढली.
गणपतीपासून उजवा हात मांडीवर पडून,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.
जीभही तशीच.
त्याच्या आधी दोन वर्षं जीभ होती
पण माझ्याशी नव्हती.
लग्नातलं पैंजण मी परत आणून
त्यांच्या ऐरणीवर ठेवलं, त्या दिवसापासनं.

बस वळेपर्यंत सगळी दारात जमली:
मोडलं.
वितळवलं.
विकलं, तोळ्यामागं घट धरून.
फेकलं.
सगळ्यांच्या मागं, खांबाआड, जोडलं.
पोरांना मीच शिकवतो,
मन ओळखीच्यालाच आधी खुर्ची देतं.

‘काय केलं? भूपाल, काय म्हणालास?’

‘वाजवलं.
डाव्या हातात धरून. दोनदा.
आई दळण टाकून पळत आली.’

माझ्या डोक्याला तारा नव्हत्या.
रेघ कुठवर गेली, कोण सांगणार.
शेंगावाल्याच्या गाड्याला धरून
मी ते वाक्य परत पहिल्यापासनं लावलं:
तात्यानं.
तुझं.
पैंजण.
तेच तीन शब्द, पण आता त्यांना आवाज होता,
बारीक, घुंगरू निम्मे गळालेला.

‘हॅलो, हाईस का?’
‘हाय,’ म्हणालो.
‘त्यास्नी सांग,
येतो.’