ट्रॅक दोन

कन्ना चौकात माझं दुकान, झेरॉक्सला लागून.
पाटीवर तीन ओळी, शेवटची:
डीव्हीडीवरून पेनड्राइव्हमध्ये भरून मिळेल.
आवाज निवडावा लागतो, हे लिहायचं राहिलं.

मीही कुठे निवडत होतो?
सॉफ्टवेअर पहिल्या ट्रॅकवर आपणहून खूण करतं,
बाकीच्या चौकटी रिकाम्या.
मी 'सुरू' दाबून चहाला जायचो.
किती लग्नं, बारशी, वास्तुशांती
एकाच सनईवर गेली माझ्या हातून,
हिशेब नाही.

राजमणी इराबत्ती आल्या भर मे महिन्यात,
ब्लाउजपीसात गुंडाळलेली चकती,
बोटांना विडीच्या तंबाखूचा वास.
दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह परत, काउंटरवर.
"लेकीचं लगीन हाय की ओ.
आवाज दुसऱ्याचाच हाय."

चकती पुन्हा उघडली.
ट्रॅक एक: स्टिरिओ. स्टुडिओवाल्यानं वरून ओतलेली सनई,
अक्षतांवर, पंगतीवर, रडण्यावर
सारखीच.
ट्रॅक दोन: मोनो. भाषा: अज्ञात.

खूण केली. हेडफोन त्यांच्या कानाला, एक बाजू माझ्या.
पातेली. तेलुगूत कुणाला तरी हाक,
मराठीत "पाव्हण्यांना वाढा आधी",
केळीच्या पानांवरून कन्नडमध्ये घासाघीस,
एक पोर, नुसतंच रडणारं,
आणि या सगळ्याच्या बुडाशी
खटाक् खटाक्, खटाक् खटाक्.

मी म्हणालो, ही खटखट काढून देतो,
फिल्टर आहे, पन्नास रुपये जास्त पडतील.
त्यांनी माऊसवरचा माझा हात धरला.
"काढू नका. ते आमचे मालक हायेत.
टावेलाची ऑर्डर होती, हळदीदिवशीबी मागावरच.
फोटोपुरते आले. बोलले नाहीत कुणाशी.
त्यांचं तेवढंच हाय."

दुसरा ट्रॅक चित्राच्या पाव सेकंद मागे होता.
आधी हळद लागायची, मग हसू ऐकू यायचं.
उणे दोनशे चाळीस टाकलं,
ओठ आणि शब्द जुळले.
मागाचं काय जुळवणार?
कॅमेरा त्या खोलीत गेलाच नव्हता.

मग भाषेचा रकाना. यादी लांबलचक,
तेलुगू आहे, मराठी आहे, कन्नड आहे,
पण घ्यायची एकच.
"कुठली टाकू?"
"घरची," त्या म्हणाल्या.
खालपर्यंत गेलो. घरची नव्हती.
रकाना तसाच सोडला, नावाच्या जागी लिहिलं:
साखर पेठ, मागची खोली.

फाइल थोडी फुगली. पैसे पहिल्यांदा घेतले होते तेच.

पाटी रंगवणारा म्हणतो, एका ओळीचे दोनशे.
तोवर तोंडीच विचारतो येईल त्याला,
यात अजून एखादा आवाज आहे का?
बहुतेक म्हणतात, काय माहीत.
मग स्टूल पुढे ओढतो,
हेडफोनची एक बाजू त्यांना देतो.
चहा निवतो.