रात्रपाळीला सांगितलेला शेवट

जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात
आम्ही ओठ वाचतो.
बावीस माग एकदम चालू असले
की शब्दाला आत शिरायला फट नसते.
'धागा' म्हणताना जीभ दातांना टेकते,
'पाणी' म्हणताना आधी ओठ मिटतात,
मुकादमासाठी तर भुवई पुरते.

नेहेते सरांना हे पहिल्या तालमीत सांगितलं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं, मग म्हणाले,
संगीत नाटक आहे हे,
शेवटच्या रांगेत पोचलं पाहिजे.
ओरडू नका. गा.

आता गा म्हणजे काय.
लोटन पारोळ्याचा, गळा चांगला,
पण तान घेतली की उजवा हात
आपोआप धोट्याकडे जायचा.
मुश्ताक तडवीनं ढोलकीवर मागाचा ठेका बसवला,
सहा मात्रा आणि सातवी अर्धी,
कारण आठ नंबरचा माग तसाच चालतो,
दोन वर्षं झाली त्याची एक कडी ढिली आहे.
तबला शिकलेले एक गृहस्थ आले होते, म्हणाले,
असा ताल नसतो.
मुश्ताक म्हणाला, या एकदा आठ नंबरला.

दुसऱ्या अंकात सरांना रडणं हवं होतं.
आमच्याकडे होतं ते कँटीनचं गाणं,
वरणात डाळ शोधणाऱ्या चौघांचं.
पॅकिंगच्या यमुनाबाई कोळी
(दिवसभर मोराच्या चटया मोजतात,
झोपेतही म्हणे मोर मोजतात)
ते म्हणता म्हणता हसल्या, आणि मध्येच
कशानं कोण जाणे, गप्प झाल्या.
सरांनी तेवढी जागा तशीच ठेवली.

मी प्रॉम्प्टर.
विंगेत स्टुलावर, मांडीवर वही, वहीवर मोबाइलचा उजेड.
सगळ्यांचे शब्द माझ्याकडे, माझा एकही नाही.

हॉल गुरुवारीच स्वस्त मिळत होता.
सहाचा प्रयोग. पाहुणे उशिरा आले,
समई पंख्यानं तीनदा विझली,
घंटा झाली तेव्हा सात वाजायला आले होते.

पावणेआठला, लोटन वरच्या स्वरात असताना,
अंधारात खुर्च्या वाजू लागल्या.
एक एक माणूस उठत होता,
डबा पोटाशी धरून, वाकून,
शेजारच्याच्या गुडघ्यांची माफी मागत.
आठची पाळी.
ज्यांचं नाटक होतं तेच निघाले होते.
मीही वही यमुनाबाईंच्या नववीतल्या पोरीला दिली,
बोट ठेवून ओळ दाखवली,
आणि मागच्या दारानं सायकल काढली.
लोटननं रजा टाकली होती, बिनपगारी.

साडेनऊला, सोळा नंबरवरून
चावदसभाऊंनी ओठांनी विचारलं,
शेवट काय व्हयना?
मी पाठ होता तसा सांगितला:
सगळे माग थांबतात,
त्या शांततेत सगळे मिळून गातात.
त्यांनी तुटलेला धागा जोडला, गाठ दातानं तोडली,
मग म्हणाले,
माग थांबना तर मजुरी कोन देईन?

खरं होतं.
मग मी एकच माग थांबवला.
बाराच्या चहानंतर तोही चालू केला.
दोनला नायकाला डुलकी लागली,
चावदसभाऊ हसले, हे पटलं त्यांना.
पहाटे चारपर्यंत गाणं एवढंच उरलं होतं
की कोणीतरी कोणाचा तरी माग
पाच मिनिटं सांभाळतं.

सकाळी आठला गेटवर लोटन उभा.
दिवसपाळीला आलेला, कानामागे अजून रंग,
भुवया काळ्याभोर, घरी गेलेलाच दिसत नव्हता.
मी विचारलं, कसा झाला रे शेवट?

एकही माग ऐकू येत नव्हता तिथं.
केळीचा एक ट्रक गेला, तोही लांबून.
लोटननं तोंड उघडलं, आवाज आला नाही.
रात्री कुठं सांडून आला होता, कोणापुढे,
किती खुर्च्यांपुढे, कळायला मार्ग नव्हता.

त्याचे ओठ आधी मिटले,
मग सुटले.

मी बाटली पुढे केली.