नोंदीबाहेर

मुलगा बोलतो. न्यायाधीश ते गाळून मला सांगतात.
मी टंकते.
एस्कीशेहिरच्या या न्यायालयात एकोणीस वर्षं असंच,
चहा गाळावा तसं.
चोथा कुठे जातो, कुणी विचारत नाही.

आज तायलान. वय वीस. मातीची भांडी शिकतो.
नखांत पांढरी माती, ती नोंदीत येत नाही.
बँकेतलं खातं त्यानं भाड्यानं दिलं,
सायकल द्यावी तसं, महिन्याच्या बोलीवर,
कॅन्टीनमध्ये भेटलेल्या कुण्या दादाला.
दादाचं आडनाव? माहीत नाही म्हणे.
त्या खात्यातून एकसष्ट माणसांच्या पैजा वाहून गेल्या
दूरच्या कुठल्याशा बेटावर,
जिथे परवाना भिंतीवर चौकटीत टांगलेला असेल,
खराखुरा, शिक्क्यासकट.
इथे तोच गुन्हा.

"फुटबॉल बघतोस?"
"नाही साहेब. मला ऑफसाइड अजून कळत नाही."
न्यायाधीश सांगतात: आरोपीने खेळाशी संबंध नाकारला.
मी टंकते.

मग तो म्हणाला, भट्टीचं भाडं थकलं होतं,
आणि न भाजलेली भांडी फळीवर असली
की कुणी दार आपटलं तरी छातीत धस्स होतं.
न्यायाधीशांनी चष्मा पुसला.
सांगितलं: आर्थिक अडचण असल्याचे कथन केले.
फळी गेली. दार गेलं.
माझी बोटं जराशी अडखळली, मग चालू लागली.

कलम म्हणतं, पैसे पोचवणाऱ्याला तीन ते पाच वर्षं.
लावणाऱ्याला दंड.
आणि समोरच्या टपरीत लावले, तर काहीच नाही.
तिथे सरकारची परवानगी आहे,
दोरीला बांधलेली पेन्सिल आहे,
म्हातारे कुपनावर खुणा करतात
शाळेतल्या पेपरासारख्या, जीभ दातांत धरून.
सामना तोच. तेच बावीस जण.
चेंडूला कुणी सांगितलेलं नाही
कुठल्या पैशानं तो स्वच्छ होतो.

दुपारी जिन्यात त्याची आई, हाजेर हानिम,
पिशवीतून कप काढून देऊ लागली.
हिरवट झिलई, कान थोडा वाकडा.
"त्यानंच केलाय. असू द्या."
घेता येत नाही. तेही एका कलमात बसतं.
हातात मात्र धरला, मिनिटभर.
वाटलं होतं त्याहून जड.

घरी, धुवायला टाकण्याआधी
रिझाच्या कोटाचे खिसे चाचपले.
कुपन निघालं. या महिन्यातलं नववं.
सहा सामने, सहाही गेलेले.
दिव्याजवळ नेऊन पाहिलं:
शिक्का आहे.
नीट घडी घालून विजेच्या बिलाखाली ठेवलं.
बिल मागच्याच्या मागच्या महिन्याचं.

गुरुवारी तायलानचा निकाल,
शनिवारी रिझाचा.
दोन्ही वेळा मी घरातून डबा घेऊन निघेन
की नाही, अजून ठरवलेलं नाही.