मोजणी

देवलापारहून बस निघाली तेव्हा सदतीस.
मनसरला चहा. मोजले, सदतीस.
झिरो माइलच्या दगडाशी सिग्नल लागला,
प्रज्वल वासनिकनं खिडकीतून डोकं काढून विचारलं,
सर, इथून चंद्र किती कोस?
दगडावर जबलपूर आहे, हैदराबाद आहे, चांदा आहे.
चंद्र कोरायचा इंग्रज विसरला, म्हटलं,
अन् त्याचं डोकं आत ओढून
मोजत राहिलो.

विज्ञान केंद्राच्या दारात चपलांची रांग,
सुबोध कुमरेची एक निळी, एक काळी.
माझ्या पिशवीत संमतीपत्रांचा गठ्ठा:
माझ्या पाल्यास एक रात्र अंतराळात पाठवण्यास
हरकत नाही.
टायपिंगची चूक माझीच,
'कार्यक्रमास' राहून गेलं.
खाली अठ्ठावीस सह्या, नऊ अंगठे.
परत कधी येणार, कुणी विचारलं नाही.
जेवायला काय देतील, एवढं मात्र सगळ्यांनी.

संध्याकाळी पाण्याच्या बाटलीचं रॉकेट
गांधीसागरकडे सुटलं अन् पिंपळात अडकलं.
त्यावर अर्धा तास गेला.
मग घुमट.
निनाद गजभिये नावाचा पोरगेलासा माणूस
माईकवर म्हणाला, आता मी नागपूर विझवतो.
अन् विझवलं.
सिव्हिल लाइन्सच्या शाळेतले पोट्टे
एका दमात ओरडले.
माझे सदतीस गप्प.
त्यानं आणखी तारे ओतले,
आकाशगंगा लावली.
गप्पच.
यांना आवडलं नाही का, सर?
कसं सांगू बाबा तुला,
लाइन गेल्यावर रोज रात्री
हेच असतं यांच्या अंगणात, फुकट.
शेवटी झनकलाल उईके कुजबुजला,
इथं मच्छर नाही, सर.

झोपायला रॉकेटच्या पोटाखालची फरशी.
साडेबाराला टॉर्च घेऊन उठलो.
छत्तीस.
उलट्या बाजूनं, छत्तीस.
गुरुत्वाकर्षणाच्या त्या मोठ्या फनेलमागे पाहिलं,
जाड दाखवणाऱ्या आरशात पाहिलं,
तिथं एक जाड घाबरलेला भूगोलाचा मास्तर.
मग जिना. गच्चीचं दार उघडं.

माकडटोपीतला चौकीदार कवडूभाऊ खुर्चीवर,
शेजारी त्याचं घोंगडं पांघरून रेणुका मडावी.
जिन्यातच रागावणं तयार ठेवलं होतं मी.
ती वळलीसुद्धा नाही.
चार पाय आलेत, सर.
चोर नाही आले अजून.

पुस्तकात सप्तर्षी आहेत, मीच शिकवतो.
तिच्या घरी ती म्हातारीची बाज,
अन् मागून येणारे तीन चोर.
बाज नेतील म्हणून म्हातारी रात्रभर झोपत नाही.
एकटीच जागते ना ती, रेणुका म्हणाली,
अन् इथं तर सगळे झोपले.

शहरात चोर लवकर दिसत नाही, बाई,
कवडूभाऊ म्हणाला. बत्त्या लय आहेत.

रागावणं कुठे ठेवलं ते आठवेना.
बसलो. सिमेंट गार.
अजनीकडे मालगाडी बराच वेळ ओरडत होती.
ईशान्येला कोचिंग क्लासचं होर्डिंग,
त्यावर पहिला आलेला मुलगा, सारखा हसणारा.
एक वाजून गेल्यावर पाण्याच्या टाकीवर पहिला.
मग दुसरा, फिका.
तिसऱ्याला फार वेळ लागला.
त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून
तो वर चढला,
अगदी चोरासारखा.
रेणुकानं जांभई दिली.
कवडूभाऊनं वहीत काहीतरी लिहिलं,
वेळ असावी.

सकाळी तर्री पोहे. डोळ्यांत पाणी,
नाकं लाल, पुन्हा पुन्हा मागणं.
निनादनं कागद वाटले: काल काय शिकलात?
प्रज्वलनं चंद्राचं अंतर लिहिलं, पूर्ण, शून्यांसकट.
रेणुकानं लिहिलं, तीन आले. म्हातारी जागी होती.
निनादनं दोनदा वाचलं,
माझ्याकडे पाहिलं.
मी पोह्यांत पाहिलं.

मनसरला चहा.
मोजले, चाळीस.
बरोबर आहेत, म्हटलं ड्रायव्हरला,
चला.