पंचवीस मिनिटांची कोंबडी

हल शहराच्या कौन्सिल ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलावर एक प्लास्टिकची कोंबडी आहे.
मान पिळली की पंचवीस मिनिटं टिकटिकते,
मग ओरडते. अंडं वगैरे काही देत नाही.

ओल धरलेल्या घरांच्या तक्रारी माझ्याकडे येतात.
फाइल उघडते : वॉटसन स्ट्रीट, तळमजला, भिंत काळी.
काळी म्हणजे कशी? बुरशीचे प्रकार तरी किती?
बुरशीवरून आठवलं, कालचा पाव ड्रॉवरमध्येच राहिलाय.
ड्रॉवरमध्ये पाव नाही,
जानेवारीत हरवलेलं गॅसचं बिल आहे.
भरायला घेते. पासवर्ड आठवत नाही.
नवा शोधताना खिडकीत एक सीगल,
एक पाय पोटाशी घेऊन उभा. का बरं?
साडेअकरा.
फाइल उघडीच. वॉटसन स्ट्रीट, भिंत काळी.

चौथीपासून दहावीपर्यंत प्रगतिपुस्तकात
एकच शेरा, शाई तेवढी वेगळी :
‘हुशार आहे. लक्ष नाही.’
बाबा दर वेळी खाली सही करायचे,
माल पोचल्याची पावती द्यावी तशी.
एक्केचाळिसाव्या वर्षी इथल्या डॉक्टरांनी
चार अक्षरं हातात दिली : ए, डी, एच, डी.
गाडीत बसून रडले,
आणि मग पार्किंगचं तिकीट शोधत बसले.

सबनीस बाई, लक्ष नव्हतं असं नाही हो.
लक्ष म्हणजे लाख. तितकी होती.
एका वेळी एकच मोजून द्यायचं,
तेवढं जमत नव्हतं.

आता सकाळी गोळी असते, चहाच्या आधी.
कानात नुसता पंख्याचा आवाज.
स्क्रीनला चिकटवलेली चिठ्ठी : ‘आधी हे.’
‘हे’ म्हणजे काय, ते लिहायचं राहिलं.

आणि नोरीन. पेन्शनला चार महिने उरलेली.
दोन वाजता खुर्ची ओढून शेजारी बसते,
अवाक्षर काढत नाही, आपलं शब्दकोडं सोडवते.
तिनं नुसतं असायचं, मी लिहायचं.
कसं होतं कुणास ठाऊक,
माझं वाक्य तिच्या पेन्सिलीचं बोट धरून
पूर्णविरामापर्यंत चालत जातं.

परवा त्या काळ्या भिंतीचा फोटो बघता बघता
मी भिंत सोडून खिडकीत शिरले, सवयीनं.
चौकटीवर निळा इनहेलर, डायनासोरचं स्टिकर लावलेला.
तक्रारीत मुलाचा उल्लेखच नव्हता.
फोन केला. सहा वर्षांचा आहे. रात्री बसून झोपतो.
फाइल त्याच दुपारी तातडीच्या गठ्ठ्यात गेली.

प्रिचर्डसाहेब म्हणाले, ही तर देणगीच आहे तुमची.
त्याच दिवशी तीन घरांची उत्तरं
लिहून तयार होती, पाठवायची राहिली होती.
त्या घरांत कोण कसं झोपतं, मला माहीत नाही.
देणगी म्हणे.

निघताना नोरीनला विचारलं, चार महिन्यांनी काय?
कोट चढवत म्हणाली, फोन लाव.
मी माझ्या स्वयंपाकघरात कोडं सोडवीन, तू इथे लिही.
बोलायचं मात्र नाही.

सहा वाजलेत. ऑफिस रिकामं. तीन पत्रं.
कोंबडीची मान पिळते.
पहिलं घर.
खिडकीत तोच सीगल, आता दुसरा पाय
नाही.
पहिलं घर.