सहावा पेला

भर रविवारी मशीन अडून बसलं.
तळाशी गढूळ पाणी, वर शेपूची एक काडी तरंगतेय.
मेकॅनिक म्हणाला, गुरुवारी. डेब्रेत्सेनमध्ये सगळ्यांचीच मशीनं बिघडलीत.
गुरुवारपर्यंत बावीस ताटल्या कोण घासणार?

शेजारची इबोया, जन्मभर ट्रामची इंजिनं उघडणारी,
जिन्यातूनच ओरडली:
आधी प्लग काढ. मग गाळणी. पाणी स्पंजानं टिप.
आणि मीठ कधी घातलंस शेवटचं?
मी उत्तर दिलं नाही.
इथलं पाणी जड, किटलीत खडू साठतो.
मिठाचा दिवा नाताळपासून पेटलाय,
मी त्यावर फडकं टाकून ठेवलंय.

गाळणी निघाली, चरबीनं बुळबुळीत.
दातांच्या ब्रशनं घासली. गेल्लेर्टच्या.
पंपाचं झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटलं,
बोट आत घातलं
आणि कापलं.

काच. नखाएवढी. कडेला सोनेरी रेघ.

आईनं लग्नात दिलेले पेले सहा होते.
पाचच होते, म्हणतो गेल्लेर्ट,
अकरा वर्षं, पाहुण्यांसमोरसुद्धा,
इतक्यांदा, की मीही हल्ली
पाचच मोजत होते.

पंपाचं चक्र मोकळं फिरलं.
झाकण, गाळणी, मीठ, प्लग.
गुरगुरत, कुरकुरत पाणी एकदाचं उतरलं.

"झालं का गं?" आतून, मॅचच्या गोंगाटातून.
झालं, म्हटलं, बोट तोंडात धरून.

काच मिठाच्या डब्यात ठेवलीय, अगदी वर.
पुढच्या महिन्यात मीठ घालायची पाळी त्याची.