घर नोंदवलं

खाली उतरलं की आधी नोंद काढून घ्यायची,
मग बॅटरी.
हा माझा नेम. बाबूलाल शिकलगार म्हणतो,
"जित्या पोराच्या तेराव्याचा हिशोब घालतोयस व्हय रं?"
घालतो. उद्यमनगरात सव्वीस वर्षं लेथवर गेली,
जॉब बिघडणार हे आवाजावरून कळतं,
किती बिघडला ते मात्र मायक्रोमीटरच सांगतो.

सेकंदाला दहा ओळी लिहितं ते ड्रोन.
उंची, वारा, कल, व्होल्ट, वर किती उपग्रह.
पहिली ओळ नेहमी तीच: घर नोंदवलं.
जिथनं उठलं तेच घर, मग गच्ची असो नाहीतर उकिरडा.
रात्री जेवून मी वाचत बसतो.
सुलभा म्हणते, पोथी लावलाय काय?

रंकाळ्यावर घारीनं झडप घातली तेव्हा
दोन सेकंद चाळीस अंश कललेलं.
मला खालनं नुसती थरथर दिसली होती.
पंचगंगेच्या घाटावर ते पाण्यालाच जमीन समजलं
आणि पाणी जाईल तिकडं सरकत राहिलं,
आपण जागच्या जागी आहोत असं लिहीत.
कात्यायनीच्या डोंगरामागं अकरा सेकंद कोरे.
तिसऱ्या बॅटरीचा दुसरा सेल चढावर धापा टाकतो.

सगळं एका वहीत उतरवलं, ऑइलच्या डागांची वही.
शेवटच्या पानावर मथळा: गेलं तर.
गेलं तर मोबाईल बंद करायचा नाही.
शेवटची ओळ आधी कागदावर घ्यायची,
वारा कुठला, पडताना वेग किती, तेवढं पुढं चालायचं.
पोटाला पट्टी चिकटवली, माझा नंबर
आणि खाली: खेळणं आहे, भिऊ नका.
पान भरलं त्या रात्री झोप चांगली लागली.

एकशे बाराव्या खेपेला गेलं.
वडणग्याच्या शिवारात, पावणेसहाला.
तिसरीच बॅटरी. दुसराच सेल.
वहीत होतं. उन्हं छान पडली होती म्हणून लावली.

शेवटची ओळ सहा दशांशांपर्यंत.
सहावा आकडा म्हणजे चार बोटांची जागा.
माझ्या धंद्यात चार बोटं म्हणजे भंगार,
पण बारा फुटी उसात
मला माझीच चार बोटं दिसत नव्हती.
पात्यांनी कोपरापर्यंत चिरलं.

बांधावर अक्काताई चौगुले, डोक्यावर वैरणीचा भारा.
"काय हुडकतोयस?"
"विमान पडलंय, लहान."
"माणसं किती हुती?"
"नव्हतं कोण आत."
"मग रडतोयस कशाला?"
रडत नव्हतो. पात्याची कूस डोळ्यात गेलेली.
म्हणाली, ऊस पडला की सगळं दिसतंय.
गेल्या साली नणंदेचं चप्पल घावलं,
एकच. नणंद त्याच्या आदीच गेली.

रात्री नोंद उघडली. शेवटची बारा सेकंदं
एकेक ओळ बोट ठेवून.
व्होल्ट ढासळले आणि तसं ते वळलं,
नाक घराकडं. घर म्हणजे
बांधावरचं बाभळीचं झाड, जिथं मी उभा होतो.
मी तर तोवर त्याच्या मागं उसात धावत सुटलेलो.
ते परत येत होतं, सरळ रेघेत,
आणि तिथं फक्त माझी स्कूटर होती.

असं काही होईल हे
शेवटच्या पानावर नव्हतं. आता लिहिलंय:
गेलं तर जागा सोडायची नाही.

अक्काताईला नंबर देऊन आलोय.
तोड कधी आहे, विचारलं.
भारा सावरत हसली, "कारखान्याची तारीख
कुणाच्या बाला कळलीया?"

उरलेल्या दोन बॅटऱ्या साठ टक्क्यांवर ठेवल्यात.
पूर्ण भरून ठेवल्या तर फुगतात.